क कमळाचा, मग ळ कशाचा?

एका ताईंचं पत्र आलं आहे. नोकरीतून निवृत्त होऊन त्यांना तीन वर्षं झाली. त्या आणि त्यांच्या पाच मैत्रिणी महिन्यातून एकदा जमतात, चिठ्ठ्या टाकून प्रत्येकी एक अक्षर उचलतात आणि पुढच्या भेटीपर्यंत त्या अक्षरावरून रोजच्या जगण्यातल्या आठवणी लिहून आणतात. ताई लिहितात : "या वेळी माझ्या वाट्याला ळ आला. ळ ने सुरू होणारा एकही शब्द सापडला नाही. मैत्रिणी म्हणाल्या, दुसरी चिठ्ठी उचल. मला ते बरं वाटेना, पण वही तीन आठवडे कोरीच आहे. खरं तर अक्षराला कशाला दोष देऊ, माझ्या आयुष्यात लिहिण्यासारखं काही घडलेलंच नाही. घर, ऑफिस, मुलं, पुन्हा घर. मागच्या महिन्यात प आला होता, तेव्हा 'पडणे' यावर लिहिलं. लहानपणी मी झोपाळ्यावरून पडले आणि नाकातून रक्त आलं, त्याबद्दल. थोरल्या बहिणीला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, पडले मी होते, तू खांबाला धरून बघत होतीस. तेव्हापासून हात आखडला आहे. चिठ्ठी बदलू का? की लिहिणंच सोडून देऊ?"

ताई,

चिठ्ठी बदलू नका. लिहिणं तर मुळीच सोडू नका.

ळ ने शब्द सुरू होत नाही, हे तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे. ण चीही तीच गत. म्हणून तर शाळेच्या तक्त्यावर बहुतेक अक्षरांचे शब्द त्या त्या अक्षराने सुरू होतात आणि या दोघांपाशी आल्यावर तक्त्याला रीत बदलावी लागते : ण बाणाचा, ळ बाळाचा. रांगेतही ळ चं स्थान पार मागे, ह च्या पाठीमागे, क्ष आणि ज्ञ च्या आधी. पण त्याच तक्त्यावर व्यंजनांची पहिली चौकट आठवा. क कमळाचा. तुम्ही व्यंजनं गिरवायला बसलात तेव्हा पहिल्याच शब्दाच्या शेवटी ळ होता, फक्त त्या दिवशी सगळ्यांचं बोट क वर होतं.

आणि अक्षर काही कालचं नाही. ऋग्वेदाची सुरुवातच 'अग्निमीळे'ने होते, त्यात तो आहे. पुढच्या काळातल्या संस्कृतातून तो गेला, प्रमाण हिंदीतही तो नाही. मराठीने मात्र धरून ठेवला. उच्चारायला सोपा म्हणून नव्हे. जिभेचं टोक मागे वळवून टाळूला लावल्याशिवाय तो उमटत नाही. लहान मुलांना तो उशिरा जमतो. शाळेला 'शाला' आणि डोळ्याला 'डोला' म्हणणारं मूल एके दिवशी अचानक 'शाळा' म्हणतं आणि त्या दिवसाची नोंद कुणीच ठेवत नाही. तुमच्या मुलांपैकी कोण किती दिवस 'डोला' म्हणत होतं? हे वाचताना कानात एखादा आवाज आला असेल, तर तुमच्या वहीचं पहिलं पान तेच.

तुम्हाला शब्द सापडला नाही, याचं कारण तुमच्या आयुष्यात नाही. आपलं डोकं शब्द शोधतंच पहिल्या अक्षरावरून. १९७३ साली ॲमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजीतली के, एल, एन, आर आणि व्ही ही पाच अक्षरं घेऊन त्यांनी लोकांना विचारलं, हे अक्षर शब्दाच्या सुरुवातीला जास्त वेळा येतं की तिसऱ्या जागी? बहुतेकांनी सांगितलं, सुरुवातीला. प्रत्यक्षात ही पाचही अक्षरं तिसऱ्या जागी जास्त वेळा येतात. पण पहिल्या अक्षरावरून शब्द चटकन आठवतात, तिसऱ्यावरून आठवत नाहीत, आणि जे चटकन आठवतं ते पुष्कळ आहे असं आपण धरून चालतो. जे आठवत नाही, ते नाहीच.

"माझ्या आयुष्यात काही घडलेलंच नाही" हे वाक्य मला याच जातीचं वाटतं. तुम्ही आयुष्यही दारात उभ्या असलेल्या गोष्टींवरून शोधताय. लग्न, बाळंतपण, बढती, आजारपण, निवृत्ती. त्या सापडल्या आणि तिथे शोध थांबला. आता ळ च्या निमित्ताने शब्दाच्या आतल्या खोल्यांत जावं लागणार आहे. तुमच्या मैत्रिणींना ही संधी मिळालेली नाही. ज्यांना क आणि स आले त्या पहिल्या दहा शब्दांतच तृप्त झाल्या असतील.

तर असं करा. घड्याळ लावून दहा मिनिटं बसा (हे घड्याळही त्याचंच) आणि ज्या शब्दात कुठेही ळ आहे, तो लिहीत सुटा. चांगला शब्द, वाईट शब्द अशी निवड करू नका. सकाळ, संध्याकाळ, वेळ, आंघोळ, वळकटी, खिळा, माळा, धूळ, ओळ, फळा, डोळे, कपाळ, तळहात, जवळ, हळू, सुतळी, आभाळ, उन्हाळा, कंटाळा. दहा मिनिटांनंतर यादी परत वाचू नका, ऐकवू नका. वही मिटून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी बघा. एखाद्या शब्दापाशी नजर अडखळेल. तो घ्या.

तुमचं पत्र आल्यावर मीही हे करून पाहिलं. यादीत नळ आला, गळणे आला आणि थोड्या अंतरावर सुतळी आली. हे तिन्ही शब्द एकाच रात्रीचे आहेत, हे कळायला मला दुसरा दिवस उजाडावा लागला. आमच्या मोरीतला नळ गळत असे. खाली पत्र्याची बादली. दिवसा कुणाच्या लक्षात यायचं नाही, पण रात्री दिवे मालवले की टप्, आणि पुन्हा वाट पाहायला लावून टप्. एका रात्री, बहुधा दुसऱ्या दिवशी माझी परीक्षा होती, वडील उठले. मी पांघरुणातून पाहत होते. त्यांनी सुतळीचा एक तुकडा नळाच्या तोंडाला बांधला आणि त्याचं टोक बादलीच्या तळापर्यंत सोडलं. थेंब पडायचे बंद झाले, सुतळीवरून निमूट उतरायला लागले. वडील क्षणभर उभे राहून ऐकत होते, आवाज थांबला ना याची खात्री करत. मग झोपले. दुसऱ्या दिवशी त्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

एवढंच. यात घटना म्हणावी असं काहीच नाही. त्या परीक्षेत किती गुण मिळाले ते मला आठवत नाही, आणि वडिलांनी माझ्यासाठी केलेल्या मोठ्या गोष्टींची यादी करायला बसले तर ही त्यात कधीच आली नसती. पण माणूस कसा होता हे मला त्या सुतळीत दिसतं, तसं दुसऱ्या कशात दिसत नाही. ही आठवण कुठे गेली नव्हती. तिला बोलावणारं कुणी नव्हतं.

इथे एक गोष्ट अगदी मनापासून सांगते, कारण आठवणी लिहिणारे बहुतेक जण त्यातच अडकतात. वरच्या परिच्छेदात "नळ गळत असे", "लक्षात यायचं नाही" असं मी लिहिलंय, ते एखाद-दोन वाक्यांपुरतं. नंतर लगेच "एका रात्री वडील उठले" वर आले. आपण लिहायला बसलो की सगळं रीतिभूतकाळात लिहितो. आई लवकर उठायची, बाबा पेपर वाचायचे, आम्ही खेळायचो, मजा यायची. यायची-जायचीत पन्नास सकाळी एकमेकींवर घासून गुळगुळीत होतात आणि कुठलीच दिसत नाही. तुमच्या वहीत जिथे जिथे 'यायची' दिसेल तिथे थांबून स्वतःला विचारा : नेहमीचं राहू दे, एकदा काय झालं? कुठली सकाळ? कोण दारात होतं? हातात काय होतं? एकच वेळ धरा. क्रियापद 'आली', 'उठली', 'म्हणाली' झालं की चित्र आपोआप हलायला लागतं.

आता कळ हा शब्द बघा. माझ्या आजोबांच्या बोलण्यात विजेच्या बटणाला कळ म्हणत. "जाताना कळ दाब." दुखण्याचीही कळच. धीर धरायचा तर कळ काढायची. भांडण लावून द्यायचं तर कळ लावायची. आणि समजलं की कळलं. एका दोन अक्षरी शब्दात एका घराचा सगळा दिवस मावतो. तुमच्या घरात बटणाला कोण काय म्हणत होतं? अशी माणसागणिक बदलणारी नावं लिहून ठेवा, कारण फोटोत ती येत नाहीत. माणूस गेला की त्याच्यासोबत त्याचा शब्द जातो आणि घरातली पुढची मुलं तो कधी ऐकतही नाहीत.

कंटाळ्यालाही एक पान द्या. घडलेल्या गोष्टींच्या यादीत तो कधीच नसतो. पण सुट्टीतली दुपार, घरातली मोठी माणसं झोपलेली, पंखा एका कोपऱ्यात किंचित अडखळतोय, गार फरशीवर पोट टेकून तुम्ही पडलाय आणि करायला काही नाही. फरशीवरच्या रेघांत तुम्हाला काय काय दिसत होतं? मला एक उंट दिसत होता. पुढे त्या फरश्या बदलल्या.

तुम्ही ऑफिसचा उल्लेख एका शब्दात उरकलात, त्याचं मला वाईट वाटलं. आयुष्याची इतकी वर्षं, आणि एक शब्द. यामागेही कारण आहे. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या माणसांना आठवणी सांगायला सांगितलं, तर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी प्रमाणाबाहेर जास्त येतात, हे अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. पहिल्यांदा घडणाऱ्या गोष्टी त्याच वयात दाटीने येतात, हे त्याचं एक स्पष्टीकरण. नंतरची वर्षं एकमेकांसारखी दिसतात, म्हणून हाताला लागत नाहीत. त्यांना मुद्दाम हाक मारावी लागते. ळ घेऊन पुन्हा ऑफिसात शिरा. कळफलक. ओळखपत्र. ताळेबंद. हजेरीची वेळ. टेबलाच्या खणात तळाशी काय होतं? शेवटच्या दिवशी खण रिकामा करताना त्यातलं काय टाकून दिलंत आणि काय पिशवीत घातलंत? शेजारच्या टेबलावरची व्यक्ती फोन उचलताना पहिला शब्द कोणता उच्चारत होती? मला खात्री आहे की इथून दोन पानं निघतील आणि ती तुमच्या मैत्रिणींनी कधी ऐकलेली नसतील, कारण घरातली तुम्ही त्यांना माहीत आहात.

एका शब्दावरून आठवण काढायचा हा तुमचा खेळ फार जुना आहे, हे ऐकून तुम्हाला बरं वाटेल. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८७९ साली स्वतःवरच तो करून पाहिला. पंचाहत्तर शब्दांची यादी केली, एकेक शब्द समोर उघडायचा आणि मनात काय येतं ते वेळेसकट टिपायचं. साधारण महिन्या-महिन्याच्या अंतराने चार वेळा त्याने तीच यादी घेतली. दोन गोष्टींनी तो चकित झाला. एक म्हणजे मनात येणारं बरंचसं लहानपणचं आणि तरुणपणचं होतं. दुसरी म्हणजे चारही वेळा पुष्कळदा तेच ते आलं. आपलं मन आपल्याला वाटतं तितकं नवं नवं काढत नाही. यातली दुसरी गोष्ट तुमच्या कामाची आहे. पहिल्या फेरीत जे येईल ते तुम्ही आजवर चार लोकांना सांगितलेलंच असेल. ते लिहून काढा, वाट मोकळी करा, आणि पुन्हा बसा. त्या मागे जे येईल ते ताजं.

आता बहिणीचं. पत्रात तुम्ही ते मध्येच, घाईने लिहिलं आहे, पण मला वाटतं हात आखडायचं खरं कारण तेच आहे. ळ नंतर आला.

तुमच्या दोघींपैकी कुणी खोटं बोलत नाहीये. फ्रेडरिक बार्टलेट या मानसशास्त्रज्ञांनी १९३२ मध्येच दाखवून दिलं की आठवण म्हणजे पेटीत ठेवलेला कागद नव्हे. प्रत्येक वेळी आठवताना आपण ती नव्याने रचतो. आणि २००१ साली जुळ्या भावंडांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, तो तर तुमच्याच घरातला वाटावा. एखादी घटना दोघांनाही स्पष्ट आठवते, आणि दोघंही ठामपणे म्हणतात, ती माझ्या बाबतीत घडली. असे कितीतरी वाद त्या भावंडांमध्ये निघाले. एका घरात वाढलेली मुलं एकमेकांचं इतकं ऐकतात, इतकं जवळून बघतात, की कुणाचं काय हे पुढे वेगळं करता येत नाही.

म्हणून तुमच्या हातून चूक झाली असं मानू नका. पण बहीण म्हणते ते बाजूलाही टाकू नका, कारण तिने तुम्हाला एक फार मोलाची ओळ दिली आहे आणि ती तुमच्या लक्षात आलेली नाही. "तू खांबाला धरून बघत होतीस." पडणाऱ्या मुलीची आठवण कुणीही लिहील. खांबाला धरून बघणाऱ्या धाकट्या मुलीची फक्त तुम्ही लिहू शकता. बहिणीच्या नाकातून आलेलं रक्त पाहून तिला इतकं लागलं असेल, की पुढची पन्नास-पंचावन्न वर्षं ती ते स्वतःचंच रक्त समजत आली. हे खरं असेल की नाही, मी सांगू शकत नाही. पण दोन्ही लिहा. आधी तुमचं, जसं आठवतं तसं, एकही शब्द न बदलता. मग एक ओळ सोडून बहिणीचं, तिच्याच शब्दांत. कोण बरोबर याचा निवाडा पानावर करू नका. आणि पुढच्या वेळी 'मला आठवतं ते असं' एवढे चार शब्द सुरुवातीला घातलेत, तर कुणालाही हरकत घ्यावीशी वाटणार नाही.

कधी कधी भावंडाची आठवण आपल्याला नको असते, तेही जाणून असा. माझ्या यादीत आळ हा शब्द आला. घरातल्या आरशाला तडा गेला होता माझ्या हातून, आणि आळ धाकट्या भावावर आला. मी गप्प बसले. तो रडला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. हे मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. लिहिल्यावर भावाला वाचून दाखवलं. त्याला आरसा आठवत नव्हता, तडा आठवत नव्हता, काहीच आठवत नव्हतं. मला वाटलं होतं तसा हलकेपणा काही आला नाही. पण ते पान मी फाडलं नाही. तुमच्या यादीतही असा एखादा शब्द येईल. तो या महिन्यात लिहिलाच पाहिजे असं नाही, आणि लिहिलात तरी मैत्रिणींसमोर वाचलाच पाहिजे असं तर नाहीच. वहीत दुमडून ठेवलेलं पान हेही लिहिलेलंच पान असतं.

आणखी दोन बारीकसारीक गोष्टी. प्रत्येक वाक्यात ळ कोंबायच्या फंदात पडू नका. अक्षर दार उघडण्यापुरतं, एकदा आत गेलात की त्याला विसरा. आणि शेवटी तात्पर्य लिहू नका. ऑफिसात वर्षानुवर्षं टिपणं लिहिलेल्या माणसाचा हात निष्कर्षाकडे जातो, म्हणून सांगते. थेंब सुतळीवरून उतरायला लागला की थांबायचं.

भेटीला आठवडा उरला असेल. आज यादी करा, उद्या एक शब्द निवडा. पण त्याच्याही आधी बहिणीला फोन लावा. कोण पडलं हे विचारू नका. झोपाळ्याच्या कड्या कुरकुरत होत्या का, तेवढं विचारा, आणि ती काय सांगते ते शेवटपर्यंत ऐकून घ्या.